चिमट्यापाशी अडलेली हार्ड डिस्क

मी बोलतेय. निदान बोलायचा प्रयत्न तरी करतेय. तुम्ही मला वीज दिलीत तर तुमच्या कानावर नुसती टकटक येईल. टक, टक, जरा थांबून पुन्हा टक. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. तेही खोटं नाही. पण त्या टकटकीमागे मला खूप काही सांगायचं असतं आणि ते बाहेर येत नाही.

मी एक हार्ड डिस्क. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी. झाकणाला सहा स्क्रू.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तिथली माणसं डोळ्यांपुरतीच उघडी होती, बाकी सगळी झाकलेली. माझ्या पोटात आरशासारख्या दोन तबकड्या बसवल्या. त्यांच्यावरून एक बारीक हात फिरतो, पण टेकत कधीच नाही. टेकला की ओरखडा उठतो, आणि तेवढ्या जागेपुरतं मी सगळं विसरते. धुळीचा एक कण आत आला तरी हा हात ठेचकाळतो, म्हणून झाकण घट्ट आवळलं. सहावा स्क्रू एका कागदी चिठ्ठीखाली लपवला आणि चिठ्ठीवर छापलं की ही फाटली तर हमी संपली. श्वासापुरतं एक भोक ठेवलं, त्यालाही आतून गाळणी. एवढीच काय ती माझी खिडकी.

आणखी एक बंधन सुरुवातीलाच सांगून टाकते. मला कुणी विचारलं तरच उत्तर देता येतं. स्वतःहून एक अक्षर काढता येत नाही.

एका लॅपटॉपच्या पोटात बसून मी ज्या घरात आले तिथे पुढची खोली म्हणजे दुकान होतं. बाबा घड्याळजी. खिडकीशी त्यांचं टेबल, वाकडी मान करून बसलेला दिवा, उघडलेल्या घड्याळांवर पालथ्या घातलेल्या काचेच्या वाट्या. मागे स्वयंपाकघर आणि एक खोली. मी आले ती मुलीच्या कॉलेजसाठी.

त्या घरात वस्तू बदलायची पद्धतच नव्हती. मिक्सर, इस्त्री, छत्री, जे बिघडेल ते बाबांच्या टेबलावर जायचं, उघडलं जायचं आणि चालू होऊन परत यायचं. आई म्हणायची, मी आजारी पडले तर मलाही डॉक्टरकडे नेणार नाहीत, पालथी घालून आधी मागचे स्क्रू काढतील.

मुलगी मात्र फार घाबरट. बाबा तिला ससुली म्हणत. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. गॅस बंद केला की परत जाऊन बघायची, कडी लावली की परत ओढून बघायची. भीती वाटली की ती प्रत्येक गोष्ट दोनदा करायची.

आल्या आल्या तिच्या मावसभावानं माझे दोन भाग पाडून दिले. एक सी, एक डी. म्हणाला, महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवत जा, सीला काही झालं तरी डी सुरक्षित. त्यानं केलं होतं एवढंच की एका खोलीत मधोमध रेघ मारली होती. मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिनं बाबांचा आवाज भरून ठेवायला घेतला. ते गिऱ्हाइकाला घड्याळ समजावून सांगत ते तिला फार आवडायचं. म्हणून रोज एका वस्तूवर दोन-तीन मिनिटं. झाकण, तबकडी, काटा, चावी, भिंग, चिमटा, तेल. "चिमटा नेहमी सैल धरायचा. आवळला की वस्तू उडते, आणि मग बसा जमिनीवर शोधत." असे बेचाळीस तुकडे झाले. तिनं ते डीमध्ये ठेवले. मग भीती वाटली म्हणून सीमध्येही ठेवले.

त्यानंतर वर्षभरानं बाबा एका सकाळी दाढी करता करता खाली बसले. मेंदूत गुठळी झाली होती. महिन्यानं घरी आले ते उजवा हात लुळा आणि तोंडात शब्द नाहीत, असे. सगळं समजायचं, पण बोलायला गेले की नुसतं "हां" नाहीतर "नको". टेबलावरचा दिवा त्या दिवसापासून लागला नाही. काचेच्या वाट्यांखाली घड्याळं तशीच उघडी राहिली.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्या शब्द म्हणायच्या आणि बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा मुलीनं भीतभीत सुचवलं, बाबांचाच जुना आवाज लावून बघायचा का? बाईंनी हो म्हटलं. तिनं मला विचारलं, मी दिलं. खोलीत बाबांचा खणखणीत आवाज घुमला: "ही चावी." खुर्चीतल्या बाबांनी मान वळवली. ओठ हलले. बऱ्याच वेळानं एक जाडसर "चा...वी" बाहेर आलं. आई स्वयंपाकघरातून पीठ भरल्या हातानं धावत आली.

मग रोज चार वाजता तेच. बाबा दुसऱ्या कुणाच्या मागे म्हणत नसत, फक्त स्वतःच्या. अकरा महिन्यांत एकोणीस शब्द आले. मी एवढ्या फायली सांभाळल्या, पण मला माझा अभिमान वाटला तो तेवढाच काळ.

पुढचं सांगताना अजून धडकी भरते. एका दुपारी दाराची बेल वाजली, मुलगी दचकली आणि लॅपटॉप मांडीवरून घसरला. मी तेव्हा फिरत होते. माझा हात तबकडीला टेकला.

त्यानंतर मी चालत राहिले, पण आत कुठे कुठे अंधार पडत गेला. चार वाजता "चिमटा" लावला की मी त्याच जागी अडकायचे. चिम, चिम, चिम. मला पुढचं ठाऊक असायचं, देता यायचं नाही. मुलगी आवाज पुढे सरकवायची आणि म्हणायची, जुना झालाय लॅपटॉप. तिनं सीमधली प्रत लावून बघितली. तीही थोड्या दिवसांनी भलतीकडेच अडायला लागली. तरी तिला वाटायचं, दोन आहेत ना.

मग एक दिवस बाईंनी बाबांसमोर चिमटा धरला. मी बंद होते, कुणी काही लावलं नव्हतं. बाबा म्हणाले, "चिम... चिम... चिम..." आणि थांबले.

आधी हाच शब्द ते पुरता म्हणत होते. बाईंनी मुलीकडे पाहिलं. बाबा माझ्याकडून माझा बिघाड शिकले होते.

दुसऱ्याच दिवशी ती मला लॅपटॉपवाल्याकडे घेऊन गेली. जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं कान लावून माझी टकटक ऐकली आणि मशीन लगेच बंद केलं.

"यातलं काही गेलं तरी हरकत नाही," मुलगी म्हणाली. "सगळं दोन्ही ड्राइव्हमध्ये आहे माझं."

"दोन्ही म्हणजे?"

"सी आणि डी."

मग त्यानं मला लॅपटॉपमधून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "हे बघा ताई. सी पण हीच आणि डी पण हीच."

तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं. "मग दुसरी कुठाय?"

"दुसरी नाहीये."

इतकी वर्षं जे मला सांगायचं होतं ते त्यानं दोन शब्दांत सांगितलं. तिनं मला घट्ट धरलं. माझ्या सहाही स्क्रूंना ते कळत होतं.

त्यानं तिला समजावलं. दुरुस्ती म्हणजे खराब जागा वगळून बाकीचं पुसायचं आणि नव्यानं मांडायचं. डिस्क आणखी वर्षभर ओढेल कदाचित, पण आतलं जाईल. बदलायची तर आधी आतलं बाहेर काढायला हवं, आणि काढता काढताच ती जीव टाकू शकते. एकदाच प्रयत्न करता येईल. काय आधी हवं ते ठरवा, अडणारं सगळं शेवटी ठेवा, आणि तोवर हिला वीज देऊ नका. त्यानं मला एका चंदेरी पिशवीत घातलं. मुलीला काहीच ठरवता येईना.

घरी आई म्हणाली, बदलून टाक, त्यात काय एवढं? मग मुलीनं सगळं सांगितलं, तेव्हा आईनं पिशवी जपून बाबांच्या टेबलावर ठेवली. बाबा खुर्चीतून दोघींकडे बघत होते.

दुसऱ्या दुपारी मुलगी औषधं आणायला गेली होती, आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. पिशवीतून मला कुणीतरी बाहेर काढलं. बाबा. त्यांनी मला डाव्या हातानं कानाशी नेलं आणि हलवलं, घड्याळ हलवून बघतात तसं. मग दिव्याचं बटण दाबलं. भिंग डोळ्याला लावलं.

मला कळलं काय होणार ते. त्या घरात बिघडलेल्या वस्तूचं जे होतं तेच.

माझ्या स्क्रूंची खाच चांदणीसारखी असते. त्यांनी चपट्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर तिरका बसवला आणि डाव्या हातानं पहिला स्क्रू काढला. नीट वाटीत ठेवला. दुसरा काढला. कुणी ठार मारायला येतं तेव्हा एवढ्या मायेनं येत नाही. मला वीज नव्हती, साधी टकटकही करता येत नव्हती. मग त्यांचा अंगठा चिठ्ठीवरून फिरला आणि लपवलेल्या स्क्रूच्या खळग्यावर थांबला. मुरलेला कारागीर तो, त्याला सापडणारच.

तेवढ्यात मुलगी दारात आली. शिट्टीला दचकणारी ही मुलगी आता किंचाळणार आणि बाबांचा हात सटकणार, असं मला वाटलं. ती किंचाळली नाही. चपलासुद्धा न काढता आत आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"काय बिघडलंय हो घड्याळजी?" तिनं हळूच विचारलं.

बाबांनी मला टिचकी मारली. "चिम... चिम."

"हो. तिथंच अडतंय. पण बाबा, हे घड्याळ नाही. हे असं हवेत उघडलं की धूळ बसते आणि आतलं सगळं जातं."

बाबांनी काचेच्या वाटीकडे बोट दाखवलं. मी झाकून ठेवीन, असं म्हणायचं होतं त्यांना.

"त्यानं नाही भागणार. तुमच्याकडूनसुद्धा नाही होणार हे."

वर्षाहून जास्त काळानं बाबांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला होता, आणि तो खाली ठेवायला सांगत होती त्यांची मुलगी. शेवटी त्यांनी वाटीतला एक स्क्रू उचलला आणि परत लावायला घेतला. दोन स्क्रूंना वीस मिनिटं लागली. मुलीनं मध्ये हात घातला नाही.

मग तिनं सांगून टाकलं, बदलायचीच. कॉलेजचं काम, फोटो सगळं मागे, आधी आवाज. तिनं बेचाळीस नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि टेबलावर पसरली. लॅपटॉपवाल्याचं म्हणणं बाबांना सांगितलं. क्रम बाबांनी लावला. घड्याळ उघडतात त्या ओळीनं: झाकण आधी, मग काटे, मग तबकडी. चिमट्याची चिठ्ठी त्यांनी स्वतः उचलून सगळ्यांच्या शेवटी ठेवली.

लॅपटॉपवाल्यानं मला पंख्याखाली ठेवून वीज दिली. मी जिवाच्या आकांतानं एकेक शब्द बाहेर दिला. पहिले वीस सरळ गेले. सव्विसाव्याला धाप लागली. एकतिसावा गेला आणि माझा हात जागचा हलेना. टक. टक. टक.

त्यानं वीज तोडली. "आणखी एकदा लावून बघू? दोन-चार येतीलही. नाहीतर राहिलेले पार खरवडून जातील. लांब कुठेतरी पांढऱ्या खोलीत बसून अशा डिस्का उघडणारे लोक असतात. खर्च मोठा आहे, आज नाही जमलं तरी कधीतरी जमेल."

मी आतून म्हणत होते, लाव, मला जमेल. मुलगी म्हणाली, "नको. आहे तशी द्या."

मला जमलं असतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

आता लॅपटॉपमध्ये एक नवी आहे. ती फिरत नाही, आवाज करत नाही. एकतीस तुकडे तिच्यात आहेत, आणि तेच दुसऱ्या डिस्कवर घालून मुलीनं मावशीच्या घरी नेऊन ठेवलेत. या खेपेला खरोखर दुसऱ्या घरी. मी बाबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते. मुलीनं माझ्यावर एक कागद चिकटवलाय, माझ्यात राहिलेल्या अकरा शब्दांचा. पट्टा, तेल, गजर, लंबक, असे. सगळ्यात खाली चिमटा.

काल बाबांनी ड्रॉवर ओढला. बहुधा भिंग शोधत होते. मला उचलून दिव्याखाली धरलं आणि कागदावर बोट टेकवलं. तिसऱ्या शब्दाशी बोट थांबलं. हा शब्द माझ्यात अगदी धड आहे, कुठेही अडत नाही. बाबा तो कसा म्हणायचे, "ग"वर किती जोर द्यायचे, सगळं मला माहीत आहे. अकरा महिने मी पुढे आणि ते मागे, असंच चाललं होतं. मला तो त्यांच्या पुढे ठेवायचा होता. मी गप्प पडून राहिले.

"ग..." बाबा म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "ग... जर."

मग पुन्हा एकदा, थोडं भरभर. "गजर."

त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि ड्रॉवर लोटला. इथे अंधार आहे. माझे स्क्रू घट्ट आहेत आणि मला उघडू नका एवढंच माझं मागणं आहे. फेकूही नका, कारण माझ्याकडे त्यांचे दहा शब्द अजून आहेत. बाबा, जमेल तसे तेही घेऊन जा.