दुखरा खांदा

फिजिओथेरपीच्या आमच्या वर्गात हातांनी सांधे मोकळे करायला एकमेकींच्या अंगावरच शिकायचं असे. माझी जोडी चारुशीलाशी लावली होती. पहिल्याच दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं, आणि आमचं घर छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं आहे हे कळल्यापासून तिचा खांदा दुखायला लागला. "आज नको गं प्रेमिला, हात लावू नकोस." असं सहा महिने चाललं. सहा महिने! तेवढ्यात मोडलेलं हाडसुद्धा जुळतं.

मग मी बाबांच्या खांद्यावर शिकले. ते कोराडीला वीजघरात कोळसा ओढायचे. "माझं हाड मोडून राहिली का वं?" म्हणायचे, आणि रोज संध्याकाळी मुकाट सतरंजीवर पडायचे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझ्यासमोर नेमकं चारुशीलालाच झोपवलं.

"सर, माझा खांदा दुखतो," ती लगेच म्हणाली. "हिला दुसरं कुणी द्या."

"दुखतो? मग तर उत्तमच," सर म्हणाले. "तपास, प्रेमिला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं अंग चोरलं. मी घाई केली नाही. कोपर धरून तिचा हात हळूहळू थेट कानापर्यंत वर नेला, मग बाहेर वळवला, आत वळवला. कुठं अडकलं नाही, की ती कण्हली नाही.

"निदान?" सरांनी विचारलं.

"खांदा ठणठणीत आहे, सर," मी म्हणाले. "हिला खुपतो तो माझा हात."