नुसता गारवा

पावसाळ्यात आलेल्या तापात हेमाला वास येणं बंद झालं. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास काही परत आला नाही. चहा म्हणजे गोड गरम पाणी, आमटी म्हणजे खारट गरम पाणी. आपल्या अंगाला घामाचा वास येत असेल या धास्तीनं ती दोन-दोनदा आंघोळ करायची. कर्वेनगरच्या त्या सोसायटीत तिच्या हातचे केक आणि कुकीज सगळ्यांना ठाऊक होते. तिनं ऑर्डर घेणं बंद केलं. "येईल हळूहळू," असं तिचा नवरा दत्तप्रसाद म्हणायचा. दिवाळीनंतर त्यानंही ते म्हणणं सोडलं.

डिसेंबरात समोरच्या फ्लॅटमधली शर्मिला आली. "काकू, नाताळला ऑफिसमध्ये तुमच्या चॉकलेट-पेपरमिंट कुकीज न्यायच्यात. यंदा फक्त माझ्यासाठी, प्लीज!"

नाही म्हणायचं ठरवूनही हेमा हो म्हणून बसली.

दुसऱ्या दिवशी लोणी, साखर, कोको फेटून झाल्यावर तिनं पेपरमिंटच्या अर्काची बाटली उघडली आणि सवयीनं नाकाशी नेली. नाकात खोलवर गार झोत घुसला. डोळ्यांत पाणी आलं.

"अहो! अहो, इकडे या! आला! मला वास आला!"

दत्तप्रसाद धावत आला. ती हसत होती आणि रडतही होती. पिठात अर्क घालायची, चाखायची, पुन्हा घालायची. पहिला ट्रे निघाल्यावर तिनं एक कुकी त्याच्या तोंडात कोंबली.

"कशी झालीय?"

त्यानं ती कशीबशी गिळली. "एक नंबर."

दुसरा ट्रे ओव्हनमध्ये गेला, तेवढ्यात शर्मिला डोकावली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा बदलला. "काकू, टूथपेस्ट खाल्ल्यासारखं वाटतंय. राहू दे, मी बेकरीतून नेईन. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

ती गेल्यावर हेमानं चिमूटभर कोको जिभेवर ठेवला. किंचित कडू लागला. त्यापलीकडे काही नाही, नुसती भुकटी. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"पेपरमिंटचा गारवा जाणवतो, बाम लावल्यावर जाणवतो ना, तसा," डॉक्टर म्हणाले. "तो वास नव्हे."

"मग वास कधी येईल?"

"सांगता येत नाही, हेमाताई. फार आशा धरू नका."

फोन ठेवून ती ओट्यापाशी स्टुलावर बसली. दत्तप्रसाद दारात उभा होता.

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच घासाला."

"मग बोलला का नाहीत?"

"किती दिवसांनी हसत होतीस गं."

तो खाली मान घालून बाहेरच्या खोलीत गेला. ती तशीच बसून राहिली.

थोड्या वेळानं तो धावतच आत आला. "हेमा, जळतंय!"

ती ओव्हनच्या शेजारीच बसली होती. त्यानं बटण बंद केलं, फडक्यानं ट्रे बाहेर ओढला. कुकीज काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तिनं वाकून ट्रेवर नाक धरलं, डोळे चुरचुरेपर्यंत.

"कसा वास येतोय?" तिनं विचारलं.

"जळका."

"हो, पण कसा?"

त्याला ते सांगता येईना.