खोळींचं माप

फिटरची बायको त्या बोटीला सवत म्हणायची. समुद्रात पेरलेले सुरुंग काढायची बोट ती. लोखंड जवळ आलं की सुरुंग फुटायचे, म्हणून अंगाने सगळी लाकडाची. फिटर महिनेच्या महिने तिच्या इंजिनात हात काळे करायचा आणि ही घरी शिवणयंत्र चालवायची.

पुढे बोट म्हातारी झाली. मोडीत काढण्याऐवजी तिच्यावर कॅडेट मुलामुलींना शिकवायचं ठरलं. इंजिन दुसऱ्या कोणाचं ऐकेना, म्हणून निवृत्त झालेल्या फिटरलाही परत बोलावणं आलं. नव्या गाद्यांना खोळी हव्या होत्या. ते काम कप्तानाने त्याच्या बायकोला दिलं, आणि गळ्यात टेप अडकवून ती पहिल्यांदाच बोटीवर चढली.

कॅडेट मुली 'काकू, काकू' करत झोपायची एकेक फळी दाखवत होत्या. मापं घेत घेत ती इंजिनाशेजारच्या कोपऱ्यात पोचली. तिथली फळी इतरांपेक्षा चांगली दोन विती आखूड होती. बोटीची जाड फासळी मध्ये आली होती.

"ही कोणाची गं?"

"काकांची," एक मुलगी म्हणाली. "पहिल्यापासून ते इथेच झोपतात म्हणे."

फिटर तर घरच्या दारातूनही वाकून जाणारा माणूस. ती त्या फळीवर बसूनच राहिली. घरी आला की तो पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून मुटकुळं करायचा. माणूस घरी येतो पण आपल्याजवळ येत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. कधी बोलली मात्र नव्हती.

रविवारी दुपारी जेवून तो तसाच कडेला पडला. ती शेजारी बसली.

"अहो, पाय पसरा."

"अंथरूण पाहून पसरावेत," तो डोळे न उघडता म्हणाला.

"मग बघा की एकदा. ऐसपैस आहे."

आणि इतकी वर्षं काय वाटत होतं ते तिने सांगून टाकलं. फिटर उठून बसला. म्हणाला, मुटकुळं करायची सवय बोटीवरचीच, शिवाय यंत्रावर बसून तिची पाठ धरते, आपण पसरलो तर तिला जागा उरायची नाही, असं त्याला वाटायचं.

"वेडेच आहात," ती म्हणाली.

त्याने पुन्हा आडवं होत हळूहळू गुडघे सरळ केले. पावलं पलंगाबाहेर गेली. तिने स्टूल आणून त्यांच्याखाली सरकवलं, वर उशी ठेवली, आणि त्याच्या दंडावर डोकं टेकून पडली.