वाफ्यातला खोकला

बबीताआक्का वांग्याच्या वाफ्यात बसून खॉ खॉ करत होती आणि तिचा लेक मयूर कमरेवर हात ठेवून ओरडत होता.

“आई, बास झालं! दीड महिना खोकतीयेस. ही धूळ, ह्या लेंड्या! शुक्रवारी लाद्या बसवायला माणूस येतोय. सगळं उपटून टाकणार.”

“आदी माजं हात तोड, मग वांगी उपट,” आक्का म्हणाली आणि परत खोकली.

माण तालुक्यातली बाई ती. सारा जन्म ढेकळं फोडण्यात गेलेला. लेकानं आखातात, दोह्यात आणली, तर अल हिलाल भागातल्या घरामागं नुसती वाळू. आक्कानं मेंढरांच्या लेंड्यांची पोती मागवली, भाजीचे देठ कुजवले आणि डिसेंबरात वांग्याला जांभळी फुलं आणून दाखवली. त्याच सुमाराला तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, दवाखान्यातनं रोजची एक गोळी सुरू झाली. आणि मग हा खोकला. ना कफ, ना ताप. घशात कुसळ अडकल्यागत कोरडी उबळ. एक्स-रेत छाती साफ. सुनेनं, भैरवीनं, ज्येष्ठमध दिला, हळद-दूध पाजलं, एसी धुऊन घेतला. खोकला काही हलेना.

त्या दिवशी शेजारची रत्नागिरीची नफिसा कोथिंबीर मागायला आली. उबळ ऐकून म्हणाली, “काकी, हा खोकला गोळी सुरू झाल्यापासनं हाय काय? माझ्या दिराला असाच झालेला. डॉक्टरनं गोळी बदलली, खलास!”

आक्कानं बोटांवर हिशेब लावला. गोळी आदी, खोकला मागनं. “मंग आजपस्नं गोळी बंद!”

“या अल्ला! मनानं बंद नका करू हां, प्रेशर चढंल. आधी डॉक्टरला विचारा.”

मयूरला हे कळल्यावर तो हसलाच. “तुला गोळी नकोय, म्हणून हे निमित्त.”

“लाव पैज. खोकला गोळीचा निघाला, तर वाफा ऱ्हाईल आन् रोज पानी तू घालायचं. न्हाई निघाला, तर म्याच उपटीन.”

गुरुवारी दोघं दवाखान्यात. आक्कानं आपल्या हिंदीत सांगितलं, “डाक्टरसाब, गोली खाया, तबसे गले में कुसळ अटक्या.”

डॉक्टर हसले. ह्या जातीच्या गोळीनं काहींना असा कोरडा खोकला होतो, म्हणाले. त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली. खोकला जायला दोन-तीन आठवडे लागतील, हेही सांगितलं.

मयूरनं तिथूनच फोन करून लाद्यावाल्याला थांबवलं. आक्का उठता उठता थांबली. “डाक्टरसाब, इसका बी देखो. घर में लई चिल्लाता है.”

मयूर नको नको म्हणेतो दंडाला पट्टा बसला. आकडा आईपेक्षा वर निघाला! दुसऱ्यांदा मोजला, तरी तसाच. आठवडाभर घरी मोजून दाखवायला या, म्हणाले, आणि आजपासून मीठ कमी.

तिसऱ्या आठवड्यात आक्काचा घसा मोकळा झाला. मयूर ऑफिसातनं आला की मुकाट्यानं पाण्याची नळी धरायचा. एका संध्याकाळी आक्कानं ताजी वांगी तोडली, भरून केली आणि लेकाचं अळणी ताट वेगळं वाढलं. त्यानं घास घेतला. चावत राहिला. भैरवीनं पदर नसल्यानं ओढणी तोंडाला लावली.

“कशी झालीया?” आक्कानं विचारलं.

“छान.”

“खोटं बोलू नगंस, लेकरा. प्रेशर वाढंल.”