मीठ सोडा

माझे थोरले साडू घड्याळजी. बंद पडलेली घड्याळं त्यांच्या दुकानाची पायरी चढतानाच घाबरून चालू होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान एकदा तरी.

अशा माणसाच्या मूत्रपिंडांनी पासष्टीत काम निम्म्यावर आणलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला : क्रिएटिनिन एक पूर्णांक आठ, म्हणजे रक्तातला कचरा नीट गाळला जात नाही. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जपलं तर डायलिसिसचं मशीन वर्षानुवर्षं लांब ठेवता येईल. मशीन म्हणताच साडू ताठ बसले. जन्मभर यंत्रं त्यांच्यापुढे पोट उघडून पडली. आता आपण यंत्रापुढे पडायचं, हे त्यांना पटेना.

बाईंनी रक्तदाबाची गोळी दिली, मानदुखीसाठी ते मूठ-मूठ खायचे त्या गोळ्या काढून घेतल्या आणि निघताना बजावलं, "आणि काका, मीठ सोडा."

साडू शब्दाचे पक्के.

तीन महिन्यांनी बाईंच्या रक्तदाबाच्या यंत्रातला पारा छताला शिंगं मारायला निघाला. पाय असे सुजलेले, की साडूंनी चपला घातल्यात की चपलांनी साडू, ते कळेना. क्रिएटिनिन दोन पूर्णांक चार. बाईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशोब चोख. मानेच्या गोळ्या विचारल्या, एकही नाही. मग त्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहू लागल्या. साडूंचा चेहरा पडला.

तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्काला, राहवेना. "एवढं नेमानं घेतात, तरी गुण कसा नाही? दोन्ही वेळा मी स्वतः ढवळून देते."

"काय ढवळून देता?"

"मीठ-सोडा. चमचाभर मीठ, अर्धा चमचा सोडा, ग्लासभर पाणी. तुम्हीच सांगितलंत ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट खोकायचे थांबले, एकाचा तर खोकला तिथंच कायमचा बरा झाला. मग बाई हसल्या, पण चिठ्ठी खणात टाकूनच. "चोर सापडला, काका. आता मी बघते."

आणि बघितलंच त्यांनी. ग्लास गेला, लोणचं गेलं, पापड गेला. दर आठवड्याला रक्तदाब, दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी. पहिल्याच फेरीत आकडा एक पूर्णांक नऊवर आला आणि चपला पुन्हा साडूंच्या मापाच्या झाल्या.

सोडा हा शब्द बाईंनी तेव्हापासून तोंडातून काढला नाही. त्यांनी कागदावर ठळक लिहून दिलं : मीठ बंद. साडूंनी डोळ्याला भिंग लावून ते दोनदा वाचलं.

"जपून लिहा, बाई. बंद पडलेलं चालू करणं हाच माझा धंदा आहे."

अक्कानं मिठाचा डबा त्याच दिवशी आमच्याकडे ठेवायला दिला. त्याला अकरा वर्षं झाली. डबा आमच्याकडेच आहे, मशीन अजून लांब आहे आणि दुकान दहाच्या ठोक्याला उघडतं.