आठवी ब च्या खिडकीतली आई

शाळा सुरू व्हायचा आठवडा आला की आमचं घर शाळेच्या दिशेनं सरकायला लागतं. गावात याचं कोणालाच काही वाटत नाही. लाइनमननं आमच्या मीटरपाशी वायरचं मोठं वेटोळं आधीच सोडून ठेवलंय. घर निघालं की रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या इंगळेकाकू शेवयांसारखे कणकेचे सरगुंडे वाळत घालतात, कारण त्यांच्या अंगणात ऊन कमी येतं. यंदाही त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय वं श्रावस्ती, तुह्यी माय कधी निघते? मले कणीक भिजवाची हाये."

श्रावस्ती म्हणजे मी. घर आईच चालवते, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. आईचं म्हणणं वेगळं आहे.

"मी कुठी काय करून राहिली? मी तं भाकरी टाकून राहिली. घर आपल्या मनानं चालून राहिलं."

पण भाकरी टाकताना ती खिडकीतून शाळेकडे पाहत असते, आणि स्वयंपाकघराची ही खिडकी नेहमी घराच्या पुढच्या बाजूलाच असते.

मी पहिलीत गेले तेव्हा घर थेट शाळेच्या भिंतीला जाऊन टेकलं होतं. आमची खिडकी वर्गाच्या खिडकीवर अशी नेमकी बसली की मधून मुंगी जाणार नाही. आई मला तिथूनच गरम उपमा द्यायची. राऊत सरांनी मला विचारलं, सात आठे किती, तर मी तोंड उघडायच्या आत खिडकीतून आवाज आला, "छप्पन."

सरांनी हात जोडले. "वहिनी, तुम्ही नका सांगू. पोरीला सांगू द्या."

"मी कुठी सांगितलं सर? तोंडातून निघालं."

सातवीपर्यंत असंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर हळूहळू मागे जायचं, जूनमध्ये परत यायचं. मला कोणी काही विचारलं की उत्तर आईच्या तोंडातून निघायचं. मलाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं, फक्त त्यांच्या आया लांब असल्यामुळे ऐकू येत नाहीत.

मग सातवीचा निरोपसमारंभ आला. त्या दिवशी आईला ताप होता आणि खिडकी बंद होती. मला माइकसमोर उभं केलं. माइक आधी किंचाळला, मग मी बोलायला लागले, आणि मला कळलं की माझं तोंड स्वतःच्या स्वतः चालतं. इतकं चांगलं चालतं की सरांना शेवटी माइकची वायर काढावी लागली. त्यानंतरही मी बोलतच होते. घरी येताना रस्त्यात म्हशींशी बोलले. सुट्टीभर मी आरशाशी, बाबांशी, कुलरशी बोलत होते. इतके दिवस हा आवाज कुठे ठेवला होता कोण जाणे.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला एसटीनं तालुक्याच्या हायस्कूलला जायचं. तिथे मला कोणीही ओळखत नव्हतं, आणि मला हे फार आवडलं होतं. तिथे माझं नाव मी सांगणार होते. म्हणून मी आईला स्पष्टच म्हटलं.

"आई, यंदा घर आणू नको."

"नाई आणत."

"शपथ?"

"तुह्या गळ्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर बाहेर गावाची शीव होती. बाबा पायरीवर बसून दाढी करत होते. घर हललं की ते हात थांबवायचे, स्थिर झालं की पुन्हा सुरू.

"बाबा, आईला सांगा न."

"तुह्या मायले सांगून घर थांबलं अस्तं तं आपण आज शाळेच्या भिंतीचे इतके पोपडे भरून दिले अस्ते का?" गालावर फेस तसाच ठेवून ते म्हणाले. "पूल आला का सांगजो. हादऱ्यानं गाल कापते."

आई आत भाकरी टाकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. खिडकीतून लांबवर तालुक्याची पाण्याची टाकी दिसत होती.

पुलापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे बाजाराची गल्ली लागली आणि घर आवळायला लागलं. मेडिकल आणि कापडाच्या दुकानामधून निघायचं म्हणून घरानं श्वास आत ओढला. समोरची खोली बोळीएवढी झाली. माझी खाट कपाटाला चिकटली, कपाट बाबांना. आम्ही एकामागे एक बसून जेवलो, वरणाची वाटी मागून पुढे पाठवली. कुलर आडवा मावेना म्हणून उभा केला, तर तो छताकडे वारा द्यायला लागला.

"जराशीच गोष्ट हाये," आई म्हणत होती. "पुढं मैदान हाये म्हणतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"ऐकून हाये."

शाळेच्या पहिल्या दिवशी मी आंघोळ करून, वेणी घालून, नवा ड्रेस घालून दाराशी गेले. दार उघडलं तर पुढ्यात शाळेच्या कुंपणाची भिंत, विटेला वीट. मागचं दारही तसंच, तिथे सायकलस्टँडचा पत्रा. घराला आता एकच भोक उरलं होतं. मी ओट्यावर चढले, मिसळणाचा डबा बाजूला सरकवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उतरले. उतरले ती थेट आठवी ब मध्ये.

वर्ग भरलेला होता. चौधरी मॅडमनी हजेरीतून मान वर केली.

"उशीर झाला."

"घर अडकलं होतं मॅडम."

"बरं. बस."

आईनं मागून दप्तर दिलं, मग पाण्याची बाटली, मग रुमाल. तिनं कोपर खिडकीत ठेवलं, हनुवटी हातावर ठेवली आणि वर्गाकडे पाहायला लागली. वर्गात फोडणीचा वास पसरला. माझ्या शेजारच्या मुलीनं, तिचं नाव रूपल, मला हळूच विचारलं, "तुझी आई आहे?"

"आहे."

"रोज येणार?"

मी दप्तर बाकाखाली सरकवलं. मॅडम नव्या मुलांना उभं करून नावं विचारत होत्या. माझी पाळी आली. मी उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"श्रावस्ती वानखडे," खिडकी म्हणाली.

वर्ग हसला. मी तोंड मिटलं. ते पुन्हा उघडलं तर त्यातून काहीच आलं नाही, ताक घुसळून लोणी काढून घेतल्यासारखं. मला माहीत होतं, आत्ता जर मी खाली बसले तर दहावीपर्यंत बसूनच राहीन. मी बाक ओलांडला आणि खिडकीपाशी गेले. मॅडमनी मला अडवलं नाही. त्यांनी खडूचा तुकडा उचलला आणि फळ्याच्या वरच्या बाजूला एक रेघ मारायला घेतली.

"आई."

"निघालं वं तोंडातून. आता नाई."

"तू माह्याकडे नको पाहू."

"मंग कुठी पाहू?"

ती खरंच विचारत होती. तिच्या गालाला पीठ लागलं होतं. मी कधी विचारच केला नव्हता की माझ्याकडे पाहत नसली तर ती कुठे पाहते.

"तू कोणत्या शाळेत होती?" मी विचारलं.

"सातवीपर्यंत होती गावात. हायस्कूल लांब होतं." तिनं पदरानं गाल पुसला, पीठ दुसऱ्या बाजूला गेलं. "माह्या मायचं घर काही जागचं हाललं नाई वं. मंग मी घरीच बसली."

आतून बाबांचा आवाज आला, "पूल आला का?"

"नाही बाबा, शाळा आली."

मी खिडकीतून आत वाकले आणि आईच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिकडे, जिथे आमची समोरची खोली असायला पाहिजे होती, तिथे मोठा रस्ता दिसत होता. त्याच्या पुढे काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"तिकडं पाह्य," मी म्हटलं. "तिकडं काय हाये ते मलेही माहीत नाई. पाहून ये आन मले सांग."

आईनं ओट्यावरचा डबा पदरानं पुसला.

"आन तुहा डबा?"

"दे."

तिनं डबा दिला. मग पोळपाट बाजूला ठेवला आणि ती वळली. मी पहिल्यांदा तिची पाठ इतका वेळ पाहिली. घर भिंतीपासून सुटलं, पोपडे पडले, आणि खिडकीच्या जागी एकदम मोकळं ऊन आलं. मुलांनी डोळ्यांवर हात धरले.

"हं," मॅडम म्हणाल्या. "नाव?"

"श्रावस्ती वानखडे," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की आठवी अ मधल्या कोणीतरी "हजर" म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. रूपलनं सरकून मला जागा दिली.

मॅडम पुन्हा फळ्याकडे वळल्या. मी वही उघडली, पण मान आपोआप खिडकीकडे गेली. आमचं घर मोठ्या रस्त्याला लागलं होतं. आवळलेलं अंग त्यानं पुन्हा पसरलं होतं आणि ते मजेत डुलत चाललं होतं. पायरीवर बाबा पाय वर घेऊन बसले होते. आई खिडकीत होती, ट्रकवाल्यासारखं कोपर बाहेर काढून. तिच्या मागे एक एसटी होती, तीही हॉर्न न वाजवता निमूट चालली होती. फाटा आला. मला वाटलं घर गावाकडे वळेल. ते वळलं नाही. आईनंही मागे पाहिलं नाही. मीच तसं सांगितलं होतं.

मी जराशी उठून टाचा उंचावल्या, घर अजून दिसतंय का ते पाहायला.

फळ्यावर मॅडमची रेघ वाकडी गेली. भिंतीवरचा नकाशा खिळ्यावर हलला आणि हलतच राहिला. बाहेरचं कडुनिंबाचं झाड खिडकीच्या एका गजामागून दुसऱ्या गजामागे गेलं, मग तिसऱ्या.

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे वळून शांतपणे विचारलं, "कोणाची आई बाहेर गेली आहे?"

मी हात वर केला, पण बाहेर पाहणं सोडलं नाही. शाळेचं फाटक आमच्या वर्गाच्या खिडकीजवळून मागे जात होतं.