वहिनीच्या खात्यातले नऊ लाख

शिवणकाम करून घर चालवणाऱ्या वहिनीच्या खात्यात दिराने आपल्या दुकानाची नऊ लाखांची रोकड भरली. "दोन दिवसांत काढून घेतो," म्हणाला आणि घेतलीही. पण आयकराची नोटीस आली ती वहिनीच्या नावाने.

सुनावणीत साक्षीला बोलावलेला दीर म्हणाला, "पैसे कुणाचे, मला काय ठाऊक?"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर त्याला 'भाऊजी' म्हणणारी ती एकेरीवर आली. बँकेतून मिळवलेली भरणा-पावती तिने टेबलावर आपटली.

"साहेब, सही बघा. याचीच आहे!"

अधिकाऱ्याने ती दिराच्या हजेरीच्या सहीशी ताडून पाहिली आणि दिराचाच जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली.

जिन्यात दीर गुरगुरला, "घरातलं चव्हाट्यावर आणलंत, वहिनी!"

"मगाशी मी घरातली नव्हते का रे?" ती कडाडली आणि ताडताड खाली उतरली.